उरलेला चुना

बुचाला फुलं आली आहेत, हे मला दरवर्षी नाकाने कळतं, डोळ्यांनी नाही. पुण्यात ही झाडं इतकी उंच वाढलेली असतात की मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. दिवाळी सरते, ऑक्टोबरचा ताप उतरतो, फटाक्यांचे लाल कागद अजून मातीत मिसळायचे असतात, आणि एका सकाळी दूध आणायला खाली उतरावं तर हवेत तो वास असतो. गोड, पण डोक्यात न जाणारा. मग फरशीवर लांब दांड्यांची पांढरी फुलं उताणी पडलेली दिसतात. लहानपणी आम्ही दांड्यांत दांड्या गुंफून बिनदोऱ्याच्या वेण्या करायचो. बोटांना ते अजून येतं. यंदा मात्र पहिलं फूल उचललं आणि तसंच दुधाच्या पिशवीशेजारी ठेवून दिलं. वेणी करून दाखवायची कुणाला, असं वाटलं.

हे मे महिन्यात गेले. दरवर्षी मी वेणी केली की हे ती स्वतःच्याच टकलावर धरून आरशात बघायचे आणि "छान दिसते हो तुमची फॅमिली," असं आरशातल्या माणसाला सांगायचे. चाळीस-एक वर्षं तोच विनोद. मी हसायचं सोडून दिलं होतं. आता हसले असते.

बाकीच्या पुण्याची दिवाळी भाऊबीजेला संपते. आमच्या घरी आणखी एक दिवस असतो. नोव्हेंबरची दोन तारीख, मृतांचा स्मरणदिन. त्या दिवशी आम्ही कबरस्तानात जातो, गवत उपटतो, कबरी धुतो, चुना लावतो, झेंडू ठेवतो, मेणबत्त्या लावतो आणि झाडाखाली बसून डब्यातली पुरी-भाजी खाऊन घरी येतो. शाळेत असताना मी हे एका मैत्रिणीला उत्साहाने सांगितलं, तर तिने कितीतरी दिवस माझ्या डब्यातलं काही घेतलं नाही. तिचं तरी काय चुकलं? तिच्या घरी स्मशानातून आलं की आंघोळ करायची, आणि आम्ही तिथे लोणचं वाढून घेत होतो. पण आम्हा ख्रिस्ती पोरांना कबरस्तान म्हणजे वर्षाची सहलच असायची. मोठी माणसं चुना कालवत असायची आणि आम्ही ओळींमधून लपाछपी खेळायचो. पेरू, सीताफळं, उदबत्ती, ओला चुना आणि वरून टपटपणारं बुच, या सगळ्याचा मिळून जो वास होतो तो माझ्यासाठी नोव्हेंबरचा वास आहे.

हा दिवस खरं तर कॅथलिकांचा. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, प्रॉटेस्टंट, आणि आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेलं माणूस देवाच्या हाती गेलं, आता मागून वशिला लावायचा नाही, असा सरळ मामला. आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांनी एकदा माझ्या वडिलांना गाठून विचारलंही होतं, "मास्तर, आपण हे कबरींचं दरवर्षी कशासाठी करता? आपल्यात मृतांसाठी प्रार्थना नाही."

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते पेन्सिलीला टोक काढल्यासारखं. ते म्हणाले, "साहेब, मी प्रार्थना करतच नाही. साफसफाई करतो."

पुढच्या वर्षी पाळकसाहेब स्वतःच खुरपं घेऊन आले.

आणि आता या दोन तारखेच्या दोनच दिवस अलीकडे एक नवीन पाहुणी येऊन बसली आहे, हॅलोविन. येरवड्याच्या पलीकडे आमची सोसायटी आहे. निम्मी घरं आयटीवाल्यांची, कुणी नागपूरचं, कुणी कोलकात्याचं, आणि उरलेले आमच्यासारखे निवृत्त. गेली तीन-चार वर्षं मुलं भुतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेट मागत फिरतात. आमचे चेअरमन देशपांडे काका सदाशिव पेठेतून इकडे राहायला आले, पण येताना पेठ बरोबर घेऊन आले. यंदा लिफ्टशेजारी त्यांच्या अक्षरात कागद लागला: "३१ तारखेस संध्याकाळी सोसायटीतील मुले भुते म्हणून फिरतील. ज्यांना भुते नको असतील त्यांनी दारावर तसे लिहावे. भुतांनी लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत. चॉकलेट मिळेलच असे नाही. न मिळाल्यास वाद घालू नये."

मी तो कागद वाचून हसले. माझा मुलगा विनय मागे उभा होता, तो हसला नाही.

घरी आल्यावर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. तो आणि त्याचे मित्र रविवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपच्या प्रार्थनेला जातात. तिथल्या ग्रुपवर लांबलचक मेसेज आला होता. हा अंधाराचा सण आहे, विश्वासणाऱ्यांनी आपल्या लेकरांना दूर ठेवावं, वगैरे.

"आई, इवाला पाठवायचं नाही," तो म्हणाला. इवा माझी नात, आठ वर्षांची. "सैतानाचा सण आहे हा."

माझी सून स्टेला ओट्याशी कणीक मळत होती. ती नगरकडच्या कॅथलिक घरातली. तिने मागे न बघताच उत्तर दिलं, "सैतानाचा कसला? एक तारखेला सर्व संतांचा सण, त्याची ही आदली संध्याकाळ. नाव आपल्याकडूनच गेलंय त्यांच्याकडे."

"गेलं असेल. परत येताना कवट्या घेऊन आलंय."

"मुलं खेळतात रे. देशपांडे काकांच्या सईच्या घरचे नेमाने गणपती बसवणारे, ती नाही का जात? तिचा धर्म बुडाला का?"

"तिचं तिच्या घरचे बघतील."

मी मधे बसून वाटाणे सोलत होते. दोघांचं म्हणणं मला पटत होतं, आणि या वयात हीच मोठी पंचाईत असते. शिवाय हे भांडण मला ओळखीचं होतं. आमच्या लहानपणी ते दिवाळीवरून व्हायचं. ख्रिस्ती घराने पणत्या लावाव्यात का, आकाशकंदील टांगावा का, शेजारून आलेला फराळ खाण्याआधी तो कुठे नैवेद्याला ठेवला होता का हे विचारावं का. मंडळीत यावर दर ऑक्टोबरात कुजबुज व्हायची. बाबांनी आम्हाला अंगणात किल्ला करू दिला होता. मावळे विकत आणलेले नव्हते, म्हणून मी नाताळची पेटी उघडून गव्हाणीतले मेंढपाळ बुरुजावर उभे केले. पायथ्याला मेंढरं ठेवली. दारात एक देवदूत पहारा देत होता, हातात कर्णा असल्यामुळे तो तुतारीवाला म्हणून खपून गेला. मंडळीतल्या एका बाईंनी बघून कपाळाला हात लावला. शेजारच्या मुलांना मात्र आमचा किल्ला फार आवडला, कारण मेंढरं कुणाकडेच नव्हती. त्या किल्ल्यामुळे कुणाचा विश्वास कमी झाल्याचं मला तरी आठवत नाही. नाताळात तेच मेंढपाळ थोडे मातकट होऊन गव्हाणीत परत गेले.

पण विनयचं प्रकरण वेगळं होतं, आणि ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. खाली लॉबीत मुलांनी प्लास्टिकची कवटी टांगली होती. आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. कवटी वाऱ्याने फिरून आमच्याकडे तोंड करून हसायला लागली, आणि विनय जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा मी पाहिला. मे महिन्यातल्या त्या दुपारी त्याने वडिलांच्या पेटीवर पहिली मूठभर माती टाकली होती. तेव्हा तो रडला नाही, नंतरही नाही. त्या दिवसापासून तो फक्त कडक होत गेला. फेलोशिप वाढली, उपास वाढले, बोलणं कमी झालं. त्याचा राग सैतानावर असेलही. पण माझ्या मते त्याला एवढंच म्हणायचं होतं की माझ्या बापाला पुरून सहा महिने झाले नाहीत आणि तुम्ही हाडांशी खेळता. असं म्हणायला लाज वाटते माणसाला. सैतानाचं नाव घेणं सोपं जातं.

खरी काळजी मला वेगळीच होती. इवा घाबरत होती.

इवा आणि तिचे आजोबा म्हणजे चोर-पोलीस. यांना डायबेटिस, आणि गोड म्हणजे जीव की प्राण. घरात कुठेही कागद कुरकुरला की इवा कमरेवर हात ठेवून हजर. "आजोबा, शुगर." हे निमूटपणे चॉकलेट तिच्या हातावर ठेवायचे. निम्मं तोंडात गेलेलं असायचं, पण पोलिसांनाही थोडी माया असते. अशी ही पोरगी जूनपासून यांच्या खोलीत पाऊल टाकेना. खोलीवरून जाताना पळायची. यांची आरामखुर्ची हॉलमध्ये आणून ठेवली, तर टीव्ही बघताना खुर्चीकडे पाठ होणार नाही अशी बसायला लागली. आम्ही समजावलं, रागावलो, पाळकसाहेबांना बोलावून आणलं. ती मान डोलवायची आणि परत पळायची.

एका दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिने विचारलं, "आजी, जाळलेली माणसं वर जातात ना?"

"कोण म्हणतं?"

"सई. तिचे पणजोबा धूर होऊन वर गेले. सरळ ढगात. ती म्हणाली, तुमच्यात पुरतात, म्हणजे तुझे आजोबा खालीच आहेत. खाली असलेले परत येऊ शकतात." मग अगदी हळू आवाजात, "मला आजोबा आवडतात. पण तसे नाही आवडणार."

सई ही देशपांडे काकांची नात, इवाची जिवाभावाची मैत्रीण. तिने वाईट हेतूने काही सांगितलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीने आपल्या घरात जे बघितलं त्यावरून काढलेला तो चोख निष्कर्ष होता. मी काहीतरी बोलले, देव, स्वर्ग, आत्मा. पण जमिनीखालच्या आजोबांना वर कसं न्यायचं ते मला जमलं नाही. तेव्हाच इवाने सांगून टाकलं की यंदा ती दोन तारखेला येणार नाही.

चार वर्षांची असल्यापासून ती यांच्या बोटाला धरून तिथे येत होती. तिचं स्वतःचं छोटं खुरपं आहे. आणि यंदा पहिल्यांदाच यांच्याकडे जायचं होतं, तर हीच नाही. आजोबांची आठवण या पोरीच्या मनात भीती होऊन राहिली तर ती जन्मभर तशीच राहील, हे मला माहीत होतं. कारण तिच्या जवळपास वयाची असताना मीही एकदा त्या फाटकापाशी अडून बसले होते.

माझी आई श्रावणात गेली. त्या वर्षी पाऊस लांबला होता, दिवाळीतही चिखल होता. आमच्या घरात तेव्हा बाबा आणि मी दोघंच उरलो. शेजारणी डबे द्यायच्या, आणि बाबा ते डबे घासून, त्यांवर खडूने एखादं फूल काढून परत पाठवायचे. दोन तारीख आली तशी बाबांनी सगळ्यांसारखी तयारी केली. आदल्या दिवशी चुना भिजवला, त्यात चिमूटभर नीळ घातली. नीळ घातली की चुना अधिक पांढरा दिसतो, हा चित्रकलेच्या मास्तरांचा हट्ट. नवा कुंचा आणला. सकाळी सायकलच्या हँडलला बादली अडकवून आम्ही निघालो.

फाटकापाशी मी बसले. आत येणार नाही म्हटलं. आई मातीखाली आहे, तिला श्वास घेता येत नसेल, आणि मी गेले तर ती मला हाक मारेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. बाबांनी आग्रह केला नाही. ते आत गेले आणि आईच्या कबरीपाशी बादली घेऊन नुसतेच उभे राहिले. बराच वेळ ते हलेनात, म्हणून शेवटी मीच उठून गेले. तेव्हा मला दिसलं की आईची कबर म्हणजे मातीचा उंचवटा होता. पाऊस होऊन माती बसल्याशिवाय बांधकाम करत नाहीत. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते सुचलंच नव्हतं. सगळे चुना आणतात म्हणून त्यांनीही आणला.

"मातीला चुना लागत नाही," ते म्हणाले. माझ्याशी की स्वतःशी, ते कळलं नाही.

आयुष्यात मी त्यांना एवढं हताश दुसऱ्यांदा बघितलं नाही. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. शेजारी एक जुनी बांधलेली कबर होती, काळी पडलेली, गवताने झाकलेली. नावाचा दगड होता, पण त्यावरचं नाव पुसलं गेलेलं. बाबा खाली बसले आणि तिथलं गवत उपटायला लागले.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माहीत नाही. पावसाने नाव गेलंय. पण आईचे शेजारी आहेत." त्यांनी कुंचा माझ्या हातात दिला. "घे, वरून खाली ओढ."

मी चुना लावत होते आणि विचारत होते. आई खाली आहे का? बाबा म्हणाले, "तिचं अंग इथे आहे. ती कुठे आहे ते देवाला ठाऊक, आणि तिची सोय तो माझ्यापेक्षा बरी करेल. आपल्या हातात कुंचा आहे, आपण तेवढं बघू." एवढंच. ते मला कितपत समजलं कोण जाणे. पण काळी कबर हळूहळू पांढरी होत गेली, आणि माझं घाबरायचं राहूनच गेलं. हात कामात होते.

पुढच्या वर्षी आईची कबर बांधून झाली. त्यावर बाबांनी स्वतः नाव रंगवलं. पण शेजाऱ्यांचा वाटा राहिला तो राहिलाच. उरलेला चुना घरी आणायचा नाही, हा आमच्या घराचा नियम झाला. लग्नानंतर यांनी तो उचलला, आणि बाबा गेल्यावर त्यांच्याही कबरीनंतर बादली शेजारी न्यायची हे ओघानेच आलं. ती कबर कुणाची, हे आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. मी मनातल्या मनात तिला शेजारीण म्हणते. हे शेजारी म्हणायचे.

एकतीस तारखेला मी मंडईतून अख्खा लाल भोपळा आणला. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "कापून देऊ का? अख्खा कशाला? भुतांचं आहे का तुमच्याकडेही?" मी म्हटलं, घारगे करायचेत. हे खोटं नव्हतं. स्टेलाने वरून टोपी कापली, मी गर काढून किसून शिजवला, गूळ घातला, आणि घरभर घारग्यांचा वास सुटला. पोकळ भोपळ्याचं काय करायचं यावर पुन्हा बैठक बसली. विनय म्हणाला, चेहरा नको. स्टेलाने मग त्याला डोळे आणि दात न कोरता चौकोनी खिडक्या पाडल्या. आत पणती ठेवली तर एखादं छोटंसं घर दिसायला लागलं. विनयने दोनदा निरखून पाहिलं आणि काही म्हणाला नाही. आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

संध्याकाळी मी म्हटलं, "इवा भूत होणार नाही. साध्या फ्रॉकमध्ये माझ्याबरोबर खाली येईल, घारगे वाटायला." विनय गॅलरीत उभा राहिला, पाठमोरा.

बागेतले दिवे घालवून एक निळा बल्ब लावला होता. डझनभर भुतं किंचाळत धावत होती. सई चेटकीण होती आणि तिच्या टोपीने तिला काही दिसत नव्हतं. झोपाळ्यामागे, गवतात, त्यांनी थर्माकोलची कबर केली होती. उभा दगड, त्यावर काळ्या रंगाने आरआयपी, आणि जमिनीतून वर आलेला प्लास्टिकचा हात. मुलं एकमेकांना तिच्याकडे ढकलत होती. इवाने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, उगाच आणलं हिला, विनयचंच बरोबर होतं.

ती बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिली. मग तिने माझा हात सोडला.

ती त्या थर्माकोलच्या कबरीपाशी जाऊन उकिडवी बसली आणि भोवतालचं गवत उपटायला लागली. वरून नाही, मुळापासून, यांनी शिकवलं होतं तसं. मधे येत होता म्हणून तो प्लास्टिकचा हात उचलून तिने बाजूला ठेवला, नीट, चष्मा ठेवावा तसा. फाटकावर दिवाळीचं तोरण वाळत होतं. त्यातली झेंडूची फुलं तोडून आणून तिने दगडाच्या पायथ्याशी ओळीने मांडली. भुतं आरडायची थांबून गोळा झाली.

"अगं, खोटी आहे ती," सई टोपी वर करून म्हणाली. "कुणाचीच नाहीये. बघ, नाव पण नाही."

इवाने मान वर न करता सांगितलं, "पावसाने नाव जातं."

हे वाक्य मी तिला कधी सांगितलेलं नाही. हे सांगायचे तिला, आणि यांना मी सांगितलं होतं, आणि मला बाबांनी. मी घारग्यांचा डबा घेऊन तिथल्या बाकावर बसले.

मग चेटकिणीने हातातला झाडू टेकवला आणि दुसऱ्या बाजूचं गवत उपटायला बसली. तिच्यामागून एक सांगाडा बसला. कोणीतरी आपल्या पिशवीतली बॅटरीची मेणबत्ती आणून लावली. देशपांडे काका गोंधळ का थांबला ते बघायला आले होते. त्यांनी मोबाईलचा उजेड पाडून सगळा प्रकार पाहिला आणि म्हणाले, "बरं आहे. या बागेत पहिल्यांदाच कोणीतरी फुकट गवत काढतंय." पण उजेड त्यांनी शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला. नंतर घारगा खाताना ते मला हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्या मातोश्री घारगे असेच करायच्या." आणखी एक घेऊन ते गेले.

मी वर बघितलं. गॅलरीत विनय होता, आता आमच्याकडे तोंड करून.

हॅलोविन ख्रिस्ती माणसाने करावं की नाही, याचं उत्तर मला अजूनही येत नाही. विनयचा मेसेज म्हणतो नको, स्टेलाचा संतांचा सण म्हणतो हो, आणि दोघंही माझी माणसं आहेत. मला इतकंच सांगता येईल की या भलत्या सणाचे माझ्यावर उपकार आहेत. आम्ही पाच महिने समजावून जे झालं नाही, ते एका खोट्या कबरीने केलं. खरीला हात लावण्याआधी पोरीला हात सरावून घ्यायला ती मिळाली. ती बनवणाऱ्या भुतांची मी आभारी आहे. सईचीही, तिच्या ढगातल्या पणजोबांचीही.

दोन तारखेला सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात चुन्याचा वास होता. विनयने रात्रीच भिजवून ठेवला होता. निळीची पुडी कुठे असते हे त्याने मला विचारलं, आणि आपण कधी तरी बघितलं होतं तशीच चिमूट घातली. इवा आपलं छोटं खुरपं घेऊन दारात उभी होती. कुणी तिला चल म्हटलं नव्हतं.

कबरस्तानात नेहमीची गर्दी. माझ्या आई-बाबांच्या ओळीत मागे एक जुनं बुचाचं झाड पडलं, आणि त्याच्या जागी यांना जागा मिळाली. त्यामुळे आता एका बाजूला आई-बाबा, दुसऱ्या बाजूला हे, आणि मधे ती बिननावाची शेजारीण. आई-बाबांचं काम झालं. मग आम्ही यांच्यापाशी आलो. पावसाने खचलेली माती, तिच्यावर उगवलेला आघाडा, आणि डोक्याशी लाकडी क्रूस. विनय बादली घेऊन उभा राहिला. अगदी बाबांसारखा. मी तोंड उघडणार एवढ्यात इवाच म्हणाली, "पप्पा, मातीला नाही लागत. शेजाऱ्यांना लावा."

विनय शेजाऱ्यांपाशी बसला आणि वरून खाली कुंचा ओढायला लागला.

इवाने आजोबांच्या मातीवरचं गवत काढलं. जवळ बसून, घाई न करता. मग फ्रॉकच्या खिशातून परवा सईच्या पिशवीतून मिळालेलं एक चॉकलेट काढलं. ते हातात घेऊन मातीकडे बघत ती थोडा वेळ थांबली. मला वाटलं ठेवणार. पण तिने कमरेवर एक हात ठेवला, मान हलवली आणि ते शेजारच्या ओल्या पांढऱ्या कबरीच्या कडेला ठेवलं.

"आजोबांना नको. शुगर आहे," ती म्हणाली. "यांना चालत असेल."

विनयचा कुंचा थांबला. त्याने खाली मान घातली, आणि त्याचे खांदे हलताना मला दिसले. हसतोय की काय ते आधी कळेना. मग चुन्याच्या हातानेच त्याने डोळे पुसले आणि गालावर एक पांढरा पट्टा उमटला. स्टेला पुढे व्हायला लागली, मी तिला हाताने थांबवलं.

थोड्या वेळाने त्याने ते चॉकलेट उचललं. त्याचा चांदीचा कागद सावकाश सोलला, घडी करून खिशात घातला, आणि चॉकलेट परत होतं तिथे ठेवलं.

"कागदासकट कशाला," तो इवाला म्हणाला. "त्यांना उघडता नाही यायचं."